पुणे विद्यापीठातलं पहिलं सत्र: आवारात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात नोटीस घेऊन शिपाई मामा वर्गात यायचे. सर ती मोठ्याने वाचायचे आणि कुणाच्या डोक्यात शिरली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचे. परीक्षेचा अर्ज राहिला तर क्लार्क थेट घरी फोन लावायचे, "पोरगी कुठंय तुमची?" अकोल्याहून (नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे, हे पुण्यात रोज सांगावं लागतं) एम.ए.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आले, तेव्हा मी असाच फोन येईल म्हणून निवांत होते. तो काही आला नाही. नोटीस फळ्यावर लागली, तिच्यावर दुसरी लागली, तिसरी लागली आणि माझी तारीख गेली.

इथे कुणी शोधत येत नाही, जावं आपल्यालाच लागतं. कुठे, कधी आणि काय हातात घेऊन जायचं, ते खाली लिहिलं आहे.

घर सोडण्याआधी

एक प्लास्टिकची फाईल घ्या आणि तीत कागद एकदाच नीट लावा. दहावी-बारावीची गुणपत्रकं, पदवीच्या सगळ्या सत्रांची गुणपत्रकं, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. ज्याला जे लागू असेल ते. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर तिथून स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला 'मायग्रेशन' म्हणतात ते. हे मिळायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागल्याबरोबर अर्ज टाका. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे तिथल्या मुलांची या एका कागदातून सुटका होते. मराठवाडा-विदर्भातून येणाऱ्यांची होत नाही.

सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत जमा करावा लागतो आणि एकदा गेला की लवकर हाती येत नाही. देण्याआधी तो स्कॅन करा, शिवाय तीन-चार झेरॉक्स काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअरवरची मुदत वाचा. ती ३१ मार्चला संपते आणि कुठल्या वर्षीच्या ३१ मार्चला, हे बघायचं राहून जातं. तहसीलमधून निघणारे दाखले गावी असतानाच काढा. पुण्यात आल्यावर उत्पन्नाच्या एका दाखल्यासाठी परत जायचं म्हणजे दोन दिवस आणि एसटीचं जाऊन-येऊन भाडं.

आणि नाव. आधारवर 'सुनीता', बारावीला 'सुनिता', पदवीला वडिलांचं नाव मधेच गायब, हे आपल्याकडे घरोघरी असतं. आता क्रेडिट, म्हणजे विषयांचे श्रेयांक, जमा व्हायला ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी लागतो. तो आधारवरून निघतो आणि नावात फरक असेल तर अडतो. वेलांटीचा असला तरी. दुरुस्ती करायची तर आधीच करा.

पोचायचं कसं

नगर, नाशिक, संभाजीनगरकडून येणारी एसटी 'शिवाजीनगर'ला सोडते, असं घरचे सांगतील. ते स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ संपताना वाकडेवाडीला हललं, पण तोंडात नाव जुनंच आहे. वाकडेवाडीहून विद्यापीठ लांब नाही. सामान असेल तर रिक्षा करा, मीटर टाकायला सांगून. सातारा-कोल्हापूरकडचे लोक स्वारगेटला उतरतात. त्यांनी तिथूनच मेट्रोने शिवाजीनगर गाठावं आणि पुढे औंध-बाणेरकडे जाणारी पीएमपी, म्हणजे शहराची बस, पकडावी. विद्यापीठ चौकात गाड्यांची गर्दी कायमची आहे. पहिल्या दिवशी तिच्यासाठी अर्धा तास हातचा धरा.

आवार ४११ एकर आहे. हा आकडा कागदावर काही सांगत नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात 'सही राहिली' म्हणून भर उन्हात परत चालत गेलात की सांगतो. मधली दगडी मुख्य इमारत ही खूण पक्की धरा. ती इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गव्हर्नरसाठी बांधलेली. विद्यापीठ त्या जागेत १९४९ साली सुरू झालं. पूर्वी चाफेकर बंधूंचं नाव फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचलं होतं. २२ जून १८९७ च्या रात्री त्यांनी मारलेला प्लेग अधिकारी रँड ज्या मेजवानीहून परतत होता ती याच इमारतीत झाली होती आणि गोळी लागली ती बाहेरच्या गणेशखिंड रस्त्यावर, हे कळल्यावर बसच्या खिडकीतून तो रस्ता जरा वेगळा दिसायला लागला.

पहिल्या आठवड्यातली एक दुपार फक्त हिंडण्यासाठी ठेवा. आपला विभाग, जयकर ग्रंथालय, आरोग्य केंद्र, वसतिगृहाचं कार्यालय, परीक्षेच्या खिडक्या, अनिकेत कॅन्टीन, झेरॉक्सचं दुकान. एवढी ठिकाणं पायाखालून गेली की सत्र सोपं जातं. जमलं तर जुनी सायकल घ्या. आणि प्रवेशपत्रावरचा पत्ता नीट वाचा, कारण सगळे विभाग या आवारात नाहीत. परकीय भाषांचे वर्ग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरतात. प्रवेश तिथला आणि खोली औंधात, असं व्हायला नको.

विभागात

पहिल्या दिवशी वेळापत्रकाचा फोटो काढा, पण त्यावर विसंबू नका. पहिले दोन आठवडे ते बदलत राहतं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होईल, त्यात लगेच सामील व्हा. मात्र ग्रुपवर आलेली तारीख फळ्यावर बघितल्याशिवाय खरी मानू नका. 'पुढे ढकलली म्हणे' या तीन शब्दांनी किती जणांचं नुकसान केलं असेल, त्याची मोजदाद नाही. फळा रोज बघायचा, चपला काढल्यावर हात धुवावेत तितक्या सवयीने.

इथली पद्धत क्रेडिटची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, चार क्रेडिटचा विषय म्हणजे साठ तास शिकवणं. काही विषय सक्तीचे, काही निवडायचे. निवडताना 'सोपा कुठला' हे सीनियर्सना विचाराल, सगळेच विचारतात. त्याबरोबर 'वाचायला काय काय लागतं' हेही विचारा. मी सोपा म्हणून घेतलेल्या विषयात दर आठवड्याला एक निबंध लिहायचा होता.

पदवीला वर्षभर टिवल्याबावल्या करून शेवटचे वीस दिवस गाईड घेऊन बसलं तरी भागायचं. इथे भागत नाही, कारण अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा मोठा आहे, बहुतेक ठिकाणी निम्मा. चाचणी, सेमिनार, टिपण, तोंडी परीक्षा असे गुण सत्रभर थोडे थोडे जमत जातात, आणि चाचणीच्या दिवशी तुम्ही गावच्या लग्नात असाल तर तेवढे कमी होतात. खरंच आजारी असाल तर त्याच दिवशी सरांना किंवा मॅडमना कळवा आणि डॉक्टरांचा कागद जपून ठेवा. हजेरी ७५ टक्के लागते. ती कोण बघतं, असं पहिल्या महिन्यात वाटतं.

इंग्रजीचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझी झोप त्यानेच उडाली होती. पहिल्या तासाला मॅडम इंग्रजीत चाळीस मिनिटं बोलल्या आणि मी वहीत फक्त तारीख लिहिली. सामाजिक शास्त्रांच्या काही विषयांत उत्तरं मराठीत लिहिता येतात; तुमच्या विभागात तशी सोय आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. ती असली तरी वाचन इंग्रजीच असणार. मी एक करायचे. लेख पूर्ण समजून घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही. फक्त पहिली दोन पानं आणि शेवटचं पान घ्यायचं, त्यातले अडलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर अर्थासकट लिहायचे. विषयाचे ठरलेले शब्द दोन-अडीचशेच्या पुढे नसतात. दिवाळीपर्यंत तेच ते परत भेटायला लागतात. तासाला न समजलेलं नंतर शिक्षकांच्या खोलीत जाऊन विचारा. 'सर, मघाचं कळलं नाही' म्हटल्यावर कुणी हाकलत नाही. जायचं मात्र आधी वेळ विचारून.

अर्ज, आवक, पोच

हे कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं, म्हणून जरा थांबून सांगते.

कार्यालयात तोंडी काही सांगितलं तर ते सांगितलंच नाही असं धरा. अर्ज लिहायचा. वर 'प्रति', खाली 'विषय', मग चार ओळींत काय हवं आणि का, शेवटी नाव, वर्ग, पीआरएन आणि मोबाईल. पीआरएन म्हणजे तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक. तो पाठ करा, कारण इथे तुमचं नाव विचारण्याआधी तो विचारला जातो. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक विभागात, म्हणजे आलेले कागद नोंदवतात तिथे, द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही झाली पोच. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलात आणि 'अर्ज सापडत नाही' असं ऐकलंत, तर पोच दाखवली की सापडतो. पोच नसेल तर पुन्हा 'प्रति' पासून सुरुवात.

जेवणाच्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी खिडकीवर जाऊ नका, तिथे कुणीही असतं तरी वैतागलंच असतं. सकाळी कार्यालय उघडल्यावर जा. शिपाई मामांना, सफाईच्या मावशींना नावाने ओळखा. कुठल्या साहेबांची सही आज मिळेल आणि कुणाची सोमवारशिवाय नाही, हे मामांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बोनाफाईड, म्हणजे इथे शिकत असल्याचा दाखला, लागणार हे नक्की असतं (बसचा पास, बँक, शिष्यवृत्ती), तेव्हा एकाच अर्जात दोन-तीन मागून ठेवा.

परीक्षेचा अर्ज सत्राच्या मध्यावर येतो, आपण अजून 'आत्ताच तर आलो' या तंद्रीत असताना. साधी मुदत, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क. माझी जी तारीख गेली म्हटलं ती हीच. भुर्दंड बसला, आणि तो कशाचा हे घरी सांगताना जीभ अडखळली.

राहणं आणि जेवण

आवारातल्या वसतिगृहांत जागा मोजक्या, मागणारे भरपूर. यादी गुणवत्ता आणि आरक्षणानुसार लागते आणि पहिल्या यादीत नाव नसेल तर पुढच्या याद्यांकडे डोळे लावून बसावं लागतं. तोवर राहायचं कुठे? औंध, खडकी, पाषाण, शिवाजीनगर या भागांत 'कॉट बेसिस'वर जागा मिळतात. एका खोलीत तीन-चार कॉट, कॉटमागे भाडं. बघायला जाल तेव्हा भाड्याशिवाय हे विचारा: डिपॉझिट किती, सोडताना परत किती, वीजबिल धरून की वेगळं, पाणी किती वाजता येतं, रात्री दार किती वाजता बंद होतं. दलाल मधे असेल तर त्याला एक महिन्याचं भाडं द्यावं लागण्याची शक्यता असते, म्हणून आधी विभागातल्या सीनियर्सना आणि मेसच्या फळ्यावरच्या चिठ्ठ्यांना विचारा. पैसे दिल्याची चिठ्ठी किंवा ऑनलाइन नोंद हातात ठेवा.

वसतिगृहात 'पॅरासाईट' हा शब्द कानावर येईल. ज्याच्या नावावर खोली नाही पण जो मित्राच्या खोलीत अंथरूण टाकून राहतो, तो. नियमात बसत नाही, तपासणी झाली तर दोघंही अडचणीत येतात. तरीही गावाकडून आलेला, यादीत नाव न लागलेला पोरगा दारात उभा राहिला तर त्याला जा म्हणणं जीवावर येतं, हेही खरं. चार दिवस ठीक, पण त्या चार दिवसांत त्याच्याबरोबर खोली शोधायला बाहेर पडा.

जेवणासाठी आवारात रिफेक्टरी आहे, म्हणजे विद्यापीठाचं भोजनगृह, आणि बाहेर मेस. मेस लावण्याआधी दोन-तीन ठिकाणी एकेक दिवसाचं ताट घेऊन बघा. सोमवारी नका घेऊ, मंगळवार-बुधवारी घ्या, कारण आठवड्याच्या पहिल्या दिवशी नव्या गिऱ्हाईकाला पातळ वरणही घट्ट मिळतं. मग मालकांना एकच प्रश्न नीट विचारा: "काका, खाडे धरता का?" खाडा म्हणजे तुम्ही न जेवलेला दिवस. काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा धरतात आणि महिना तितका पुढे सरकतो, काही ठिकाणी सलग तीन दिवसांच्या वर असेल तरच, काही ठिकाणी नाहीच. वर्षाचा हिशेब केला तर मेसच्या दरापेक्षा खाड्याचा नियम जास्त पैसे वाचवतो. रविवारी फीस्ट असते आणि संध्याकाळी बहुतेक मेस बंद, त्या वेळची सोय करून ठेवा. खोलीत पोहे, शेंगदाणे, गूळ असू द्या.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत्रीबरोबर मच्छरदाणीही लागते, कारण झाडी दाट आहे. डिसेंबरात पहाटे आवारात शहरापेक्षा जास्त गारठा पडतो, एक जाड रग आणाच.

पैसे

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचे अर्ज प्रवेश झाल्यावर लगेच भरा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, ज्याला जी लागू असेल ती. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यात शिकणाऱ्यांना तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी 'स्वयम्', इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गासाठी सावित्रीबाईंच्याच नावाची 'आधार' योजना. आमच्या तालुक्यातली कितीतरी मुलं पात्र असून नुसतं ठाऊक नाही म्हणून अर्ज करत नाहीत. तुमच्या विभागात दिसली तर त्यांना हाताला धरून न्या.

माझा घोटाळा ऐका. अर्जात मी गावच्या बँकेचं खातं डोळ्यांपुढे ठेवलं होतं. पुण्यात आल्यावर दुसरं खातं उघडलं, तिथे आधार दिलं, सही केली. शिष्यवृत्ती तुम्ही कुठलं खातं मनात धरलंय ते बघत नाही. आधारला शेवटी जे जोडलं गेलंय त्या खात्यात जाते. मी दोन महिने गावच्या पासबुकात पैसे शोधत होते आणि ते पुण्याच्या खात्यात पडून होते. तेव्हा बँकेत जाऊन 'माझं आधार सध्या कुठल्या खात्याला जोडलंय' हे एकदा विचारून घ्या.

कमवा व शिका योजनेची चौकशी विद्यार्थी विकास मंडळाकडे करा. विभागात, ग्रंथालयात, बागेत काही तास काम आणि तासाप्रमाणे मानधन. विद्यापीठाने ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालवली आहे. काम करताना वर्गातलं कुणी बघेल म्हणून लाजणारी मुलं मी पाहिली, आणि त्याच पैशांवर घरून एक रुपया न मागता एम.ए. झालेलीही पाहिली.

जयकर

पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं ग्रंथालय. सगळे नुसतं 'जयकर' म्हणतात. कार्ड पहिल्याच आठवड्यात करा. वाचनकक्षात परीक्षा जवळ आली की सकाळी लवकर गेल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तुमच्या आधीच येऊन बसलेले असतात. पण फक्त स्वतःची पुस्तकं उघडायला तिथे जाणं म्हणजे विहिरीवर जाऊन बाटलीतलं पाणी पिणं. कपाटांमधून हिंडा, आपल्या विषयाचा रॅक कुठला ते बघा, जुन्या नियतकालिकांच्या बांधलेल्या फायली मागा. प्रबंध बघायचे तर 'शोधगंगा' या संकेतस्थळावर फुकट आहेत. विकत घ्यायची पुस्तकं असतील तर आधी अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घाला. नेलेलं पुस्तक वेळेत परत करा, नाहीतर शेवटी नो ड्यूजच्या सहीपाशी अडकाल.

त्रास झाला तर

रॅगिंगविरोधी हमीपत्र दरवर्षी ऑनलाइन भरावं लागतं. ते भरताना हेल्पलाइनचा क्रमांकही फोनमध्ये टाका: १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करता येते आणि समितीची नावं विभागात लावलेली असतात. मन जड झालं, झोप लागेना, घरी सांगवत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. पहिल्या दोन महिन्यांत घरची आठवण येऊन रडू येणं हा आजार नव्हे. माझ्या खोलीत आम्ही तिघीही रडलो, फक्त एकमेकींना दिसू नये म्हणून वेगवेगळ्या वेळी.

संध्याकाळी

तास संपले की खोलीत जाऊन पडू नका. ललित कला केंद्राच्या, म्हणजे नाटक-संगीत-नृत्याच्या विभागातल्या, मुलांचे प्रयोग होतात, इतर विभागांत व्याख्यानं होतात, बाहेर तिकीट काढून ऐकावी लागतील अशी माणसं इथे फुकट ऐकायला मिळतात. तुमचा विषय नसला तरी मागच्या बाकावर जाऊन बसा. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आवारातच आहे, डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे लोकांना आत सोडतात. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या त्या वास्तूत एका कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत. मी इतिहासाची विद्यार्थिनी, तरी तिथून हलवेना. राष्ट्रीय सेवा योजनेत जायचं असेल तर नावं सुरुवातीलाच घेतात.

मग दिवाळी येते. गावी जाताना परीक्षेचं वेळापत्रक लागलंय का ते फळ्यावर जाऊन बघा, जयकरची पुस्तकं परत करा, संपत आलेले दाखले नवे काढायला फाईल बरोबर घ्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी मेसच्या काकांना खाडे सांगा. वाटेत नारायणगावच्या स्टँडवरून फोन करून सांगितलेले धरत नाहीत.